चौथऱ्याखालचा कापूस

एका जंगलात झाडांपेक्षा पुतळे जास्त झाले होते.

ते कसं झालं, ते आधी सांगतो, मुलांनो. त्या जंगलात कुणी जरा नाव कमावून वारलं, की त्याचं स्मारक व्हायचं. चौथरा, चौथऱ्यावर पुतळा आणि पुतळ्याखाली पाटी. पाटीवर चार चांगल्या ओळी. पुण्यतिथीला झेंडूचा हार. हार घालायला सांबरं नेहमी पुढे असायची, कारण संध्याकाळी हार उतरवण्याचं कामही त्यांच्याकडेच असायचं.

आणखी एक रिवाज होता. चौथरा बांधण्याआधी तिथे खड्डा घेत. गेलेल्याच्या आयुष्यातलं जे काही पाटीवरच्या ओळींशी जुळत नसेल, ते त्या खड्ड्यात टाकत. वर माती, मातीवर दगड, दगडावर पुतळा. काही चौथरे फार उंच होते. ते का उंच होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

त्याच जंगलात बाबल्या नावाचं खवले मांजर राहत होतं. त्याला मांजर म्हणतात, पण ते मांजर नसतं. अंगभर खवले, लांब जीभ, आणि जेवायला मुंग्या नाहीतर वाळवी. बाबल्या फार लाजाळू होता. कुणी मोठ्याने बोललं, की तो अंगाचा गोळा करून घ्यायचा. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला, की वर्गात एक गोळा दिसायचा. गुरुजी तो पायाने हलकेच कोपऱ्यात सरकवायचे आणि पुढे शिकवायचे. पुढे बाबल्या शाळेत जाईनासा झाला. बरेच दिवस ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर, वाळवी सगळ्यात चांगली कुठे होते? स्मारकाखाली. म्हणून बाबल्या सकाळी उठायचा, एखादा चौथरा निवडायचा आणि बाजूने उकरायला लागायचा.

एकदा तो रणमर्द वाघोबांच्या चौथऱ्याखाली शिरला. वर पाटी होती, 'यांनी लांडग्यांच्या टोळीशी एकट्याने झुंज देऊन खिंड राखली.' खाली जांभळीची एक जाड फांदी निघाली. वाळवीने अर्धी खाल्ली होती, पण उरलेल्या अर्ध्या भागावर वाघाच्या नखांचे ओरखडे स्वच्छ दिसत होते. असे ओरखडे घाईघाईने झाडावर चढताना उमटतात.

बाबल्या फांदी बाहेर ओढत होता, तेवढ्यात सकाळी फिरायला निघालेलं सशाचं जोडपं तिथे आलं. त्यांनी विचारलं, हे काय. बाबल्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "वर असं लिहिलंय. खाली हे निघालं."

एवढंच. बाकीचं सशांनी स्वतःच ओळखलं आणि हसून हसून ते गवतात लोळले. दुसऱ्या दिवशी ते आपल्या व्याह्यांना घेऊन आले. तिसऱ्या दिवशी व्याही आपल्या शेजाऱ्यांना घेऊन आले. अशी ती फेरी सुरू झाली.

रोज सकाळी बाबल्या पुढे आणि मागे सगळे पायी. गजोबांच्या पाटीवर लिहिलं होतं, की त्यांनी दुष्काळात घरोघर फुकट पाणी वाटलं. खाली उसाच्या चिपाडांचा ढीग निघाला. मयूरपंतांच्या पाटीवर लिहिलं होतं, की त्यांनी आयुष्यभर सत्याची उपासना केली. खाली पोपटाची, नीळकंठाची आणि खंड्याची पिसं निघाली. काही पिसांना अजून डिंक लागलेला होता. बाबल्या सगळीकडे तेच वाक्य बोलायचा. वर असं लिहिलंय, खाली हे निघालं. लोकांना हे फार आवडलं. जो थोडं सांगतो, त्याच्यापुढे आपल्याला जास्त बोलता येतं. फेरीला येताना पाण्याचा भोपळा सोबत आणावा, अशी सूचना माकडीणकाकूंनी सगळ्यांना देऊन टाकली. त्यांना ती द्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

वाघोबांचा नातू मात्र भडकला. धाकटे वाघोबा चौथऱ्याजवळ आले आणि त्यांनी अशी डरकाळी फोडली, की बाबल्याचा गोळा झाला आणि उतारावरून घरंगळत थेट करवंदीच्या जाळीत गेला. पण ससा जागचा हलला नाही.

"खरं सांगू का, धाकटे," तो म्हणाला, "आजवर मला तुमच्या आजोबांची नुसती भीती वाटायची. आज पहिल्यांदा माया वाटली. लांडगे आले असते तर मीसुद्धा झाडावरच गेलो असतो. मला चढता येत नाही, ही गोष्ट वेगळी."

धाकटे वाघोबा खाली बसले. आजोबांच्या पुतळ्याकडे वर्षातून एका दिवसाखेरीज कुणी फिरकत नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. आता रोज गर्दी होत होती. पोरं फांदीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या सकाळी ते लवकर येऊन उभे राहिले आणि आजोबा जांभळीवर कसे चढले असतील, ते स्वतः चढून दाखवू लागले.

मग काय विचारता. ज्यांच्या घराण्याचं स्मारक होतं, ते सगळे बाबल्याच्या मागे लागले. आमच्या काकांखाली नीट बघितलंस का, ते दिसायचे तेवढे सरळ नव्हते. आमच्या आत्याचं काहीतरी असणारच, तू जरा खोल जा. जिथे खाली काही निघालं, तिथे पोरंटोरं खेळू लागली, चौथऱ्यांवरचं शेवाळ गेलं, पुतळ्यांच्या नाकांना नवा रंग लागला. सगळं जंगल आनंदात होतं.

एक कोंडी भेकर तेवढी आनंदात नव्हती.

ओढ्याच्या काठी कोंडीच्या आईचं स्मारक होतं. पुतळा नव्हता. बुटका चौथरा, त्यावर एक दगड, आणि दगडावर अक्षरं. 'चंद्री भेकर. वणव्याच्या दिवशी हिच्या एका हाकेने सारं जंगल जागं झालं.' चौथरा बुटका, म्हणजे खाली काही नसणार, असं धरून फेरी तिकडे जातच नव्हती.

आणि स्मारक समितीने नवा नियम केला होता. जिथे कुणी येत नाही, ते स्मारक काढून टाकायचं. समितीचे अध्यक्ष होते अण्णासाहेब गवा. अण्णासाहेब चांगले धडधाकट होते, पण मागाहून लोक विसरतात, म्हणून आपलं स्मारक आपल्या देखत व्हावं असं त्यांचं मत होतं. जागाही त्यांनी पाहून ठेवली होती. ओढ्याच्या काठची, सावलीची.

कोंडी आता म्हातारपणाकडे झुकली होती. वणव्यानंतर राखेत तिला आईचं काही ओळखता आलं नव्हतं. ना हाड, ना खूर. हा दगड गेला, की आई होती असं बोट दाखवून सांगायला कुठली जागाच उरणार नव्हती. म्हणून एका सकाळी ती बाबल्याकडे गेली.

"बाबल्या, माझ्या आईखाली बघ ना रे काहीतरी."

बाबल्याने तोंडातल्या तोंडात सांगितलं, की मावशी, चौथरा फार बुटका आहे.

"काहीही चालेल," कोंडी म्हणाली. "चोरी निघाली तरी चालेल. चार माणसं बघायला येतील, एवढं निघालं म्हणजे झालं."

बाबल्याने उकरायला घेतलं. वाळवी मिळाली नाही, म्हणजे त्याच्या पोटाची काही सोय झाली नाही. तो निघायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याची नखं कुठल्यातरी मऊ वस्तूत अडकली. त्याने ओढलं. कापसाचा बोळा निघाला. सावरीच्या झाडाचा मऊ कापूस, पिळून घट्ट केलेला. त्यामागून दुसरा निघाला, तिसरा निघाला, मग निघतच राहिले. कापूस दाबला की थोड्या जागेत पुष्कळ मावतो, मुलांनो, म्हणून चौथरा बुटका राहिला होता. काही बोळे हरभऱ्याएवढे होते. काही लांब आणि बारीक. काही कवठाएवढे. आणि प्रत्येकाच्या एका बाजूला मळ होता, तर दुसऱ्या बाजूला दातांचे ठसे.

मळ कानातला होता. ते बाबल्याने वासावरून ओळखलं. दात कुणाचे, ते त्याला कळेना.

कोंडीने एक बोळा तोंडात धरून पाहिला. तिचे दात त्या ठशांत बरोबर बसले. तिच्या दातांची ठेवण आईची होती.

मग ती सांगू लागली. आई भित्री होती. सुकलं पान पडलं तरी ओरडायची. भेकरं ओरडतातच, पण आईचा आवाज जरा जास्त होता, आणि ती ओरडायची ऐन दुपारी. त्या जंगलात दुपारची झोप म्हणजे देवाच्या पूजेसारखी. जेवण झालं, की सगळे डोळे मिटायचे ते ऊन उतरेपर्यंत. मग कोंडीला आठवलं, की वणवाही दुपारचाच होता. ती तेव्हा पाडस होती. आईने तिला आधी ओढ्यापार नेऊन सोडलं आणि परत गेली. पुन्हा कुणाला तरी घेऊन काठापर्यंत आली, पुन्हा गेली. दर वेळी तिचं तोंड पांढरं दिसायचं.

"मला वाटलं, पळून पळून फेस आलाय," कोंडी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फेरी ओढ्याकडे येणार, ही बातमी जंगलभर झाली. एवढी गर्दी कधीच जमली नव्हती. चंद्रीसारख्या साध्या बाईचं काय निघालं असेल, याची सगळ्यांना उत्सुकता होती. धाकटे वाघोबा कोंडीला धीर द्यायला मुद्दाम लवकर आले. पहिले दोन दिवस जड जातात मावशी, मग सवय होते, असं त्यांनी तिला समजावलं.

बाबल्याने सगळे बोळे दगडावर नीट मांडून ठेवले होते. लहानांपासून मोठ्यांपर्यंत. सगळे जमल्यावर तो म्हणाला, "वर असं लिहिलंय. खाली हे निघालं."

सगळे हसायच्या तयारीने पुढे झुकले. माकडीणकाकूंनी एक बोळा उचलून हुंगला आणि चटकन खाली ठेवला. सशाची नजर लांब, बारीक बोळ्यांवर गेली. त्याने आपला एक कान हळूच पाठीमागे वळवला. हत्ती कवठाएवढ्या बोळ्यांकडे बघत होता आणि त्याचे कान हलायचे थांबले होते. नेहमी बाबल्या एक वाक्य बोलायचा आणि लोक पंचवीस. आज त्यांच्याकडे एकही नव्हतं. म्हणून बाबल्याला जन्मात पहिल्यांदा पुढे बोलावं लागलं.

"तिच्या एका हाकेने कुणी जागं झालं नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सगळ्यांच्या कानात बोळे होते. मग ती घरोघर गेली. प्रत्येकाच्या कानातला बोळा तिने दातांनी ओढून काढला. ससे लवकर झाले. हत्तींचे कान मोठे होते. वेळ तिथे गेला."



मग एकेकाला सुचू लागलं. कोल्हे गुरुजी म्हणाले, की हा कापूस उशीतला असावा, घाईने निष्कर्ष काढू नये. सशाने सांगितलं, की त्या वर्षी थंडी फार होती, असं त्याच्या घरात बोलत असत. वणवा उन्हाळ्यातला होता, हे त्याला त्याच्या बायकोने कानात सांगितलं. चंद्रीनेच सगळ्यांचा कापूस चोरून इथे दडवला असेल, असंही कुणीतरी मागून म्हणालं, आणि ते काही जणांना बरं वाटलं. माकडीणकाकू सगळ्यात जास्त दुखावल्या होत्या. गेलेल्या माणसांना असं चव्हाट्यावर आणणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

धाकटे वाघोबा म्हणाले, "काकू, माझ्या आजोबांच्या फांदीला तुम्ही दोनदा हात लावून बघितलात."

"ते वेगळं," काकू म्हणाल्या. "ते तुमचे आजोबा होते."

दुसऱ्या सकाळी फेरीला कुणी आलं नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. कुणाचा पाय मुरगळला होता, कुणाकडे पाहुणे येणार होते. बाबल्या एकटाच सगळ्या पुतळ्यांवरून फिरून आला.

अण्णासाहेब गव्यांनी समितीची बैठक बोलावली. त्यांना आपल्या आजोबांचे बोळे फार लागले होते. सगळ्यात घट्ट पिळलेले तेच होते, आणि कान झाकून झोपा म्हणजे जंगलात शांतता नांदेल, हा हुकूम त्या काळी त्यांच्याच आजोबांनी काढला होता. ज्या स्मारकामुळे जंगलातला सलोखा बिघडतो, ते काढून टाकण्याचा ठराव रविवारच्या सभेत वाचून दाखवायचा आणि तिथूनच रानडुकरांना ओढ्यावर उकरायला पाठवायचं, असं ठरलं.

कोंडी रडली नाही. तिने बोळे गोळा केले आणि ती घरोघर निघाली. बाबल्या मागून हत्तींचे बोळे नाकाने ढकलत येत होता. वेळ दुपारची होती. ती प्रत्येक दाराशी थांबायची आणि म्हणायची, "हे तुमचं. आमच्याकडे राहून गेलं होतं."

त्या जंगलात शेजाऱ्याने परत आणून दिलेली वस्तू नाकारायची पद्धत नव्हती. सगळ्यांनी बोळे घेतले. सशिणीने तर रिकामं कसं पाठवायचं म्हणून कोंडीला मूठभर हरळी दिली. रानडुकरांनी घेतले, कोल्हे गुरुजींनी घेतले. अण्णासाहेब घरी नव्हते. त्यांच्या सौभाग्यवतींनी घेतले.

कोंडीला वाटलं होतं, बोळा हातात आला, की त्यांना लाज वाटेल. तसं झालंही. बोळा समोर दिसला, की जेवण जाईना. फळीवर ठेवला तर येणारा-जाणारा बघणार. फेकावा तर पूर्वजांची वस्तू. प्रत्येक घरात त्याला जागा शोधणं सुरू झालं. इथे नको, तिथे नको असं करता करता शेवटी ज्या जागेसाठी तो केला होता, तिथेच तो चपखल बसला. आणि बसल्यावर इतकं शांत वाटलं म्हणता. सावरीचा कापूस तो. त्या दुपारी सगळ्या जंगलाला फार वर्षांनी सुंदर झोप लागली.

रविवारी सभा भरली. अण्णासाहेबांनी ठराव वाचला. खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता वाचला. वाचून झालं, की टाळ्या वाजवायच्या, असा सभेचा नियम होता. अण्णासाहेबांचं तोंड हलायचं थांबलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत रानडुकरं बसली होती. अण्णासाहेबांनी त्यांना हुकूम दिला, की आत्ताच्या आत्ता निघा. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. रानडुकरं काय म्हणाली, असं अण्णासाहेबांनी कुणाला विचारलं नाही, कारण त्यांच्याही कानात आजोबांचेच बोळे होते. टाळ्या दिसल्या, म्हणजे काम झालं, असं समजून ते घरी गेले. रानडुकरंही घरी गेली आणि जेवून झोपली.

चंद्रीचा दगड जागच्या जागी राहिला. समितीच्या हिशेबी तो निघाला आहे. ओढ्याकडे स्वतः जाऊन बघण्याची पद्धत समितीत कधीच नव्हती. अण्णासाहेब आपल्या पुतळ्याच्या अनावरणाच्या निमंत्रणाची अजून वाट पाहत आहेत. कुणीतरी दारात येऊन हाक मारून गेलं असेल, असं त्यांना मधूनमधून वाटतं.

आता तुम्ही विचाराल, की पुन्हा वणवा लागला तर काय. मुलांनो, तुम्ही मोठ्या माणसांपेक्षा फार पुढचं विचारता. त्याचं उत्तर एवढंच, की कोंडीचे दात अजून चांगले आहेत.

आणि फेरी? फेरी पुन्हा सुरू झाली. आता लोकांना कशाची भीती उरली नव्हती. ते वाघोबांकडे जातात, गजोबांकडे जातात आणि सगळ्यात जास्त वेळ चंद्रीच्या दगडापाशी थांबतात, कारण तिथे सावली आहे आणि ओढा आहे. बाबल्या सगळी हकीकत सांगतो. आता तो एका वाक्यावर थांबत नाही. कोणाच्या आजोबांनी हुकूम काढला, कोणाच्या आजीचे बोळे कवठाएवढे होते, चंद्री कुठून कुठे धावली, सगळं सांगतो. लोक त्याच्या तोंडाकडे बघत मनापासून माना डोलावतात. माकडीणकाकू तर मधेच डोळेही पुसतात. तसं करायचं असतं, हे त्यांना चेहऱ्यांवरून कळतं.

एका सकाळी हकीकत सांगून झाली. कोंडी दगडाला टेकून उभी होती. तिने विचारलं, "ऐकतायत का रे कुणी?"

"नाही, मावशी," बाबल्या म्हणाला.

"मग पुन्हा सांग. जरा मोठ्याने."

तात्पर्य : न सांगितलेला इतिहास माणसाने आवर्जून ऐकावा. फक्त तो दुसऱ्याच्या आजोबांचा आहे ना, हे घरातून निघण्याआधी विचारून घ्यावं. आपल्याच आजोबांचा निघाला, तर कापूस सावरीचा वापरावा. तो कानाला टोचत नाही.